बेटावरचं लग्न आणि साक्षीची माणसं

(सावदा येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला रस्त्यातच अडवलं. म्हणाले, "सर, तुम्ही तत्त्वज्ञान शिकवणारे. हे बेटावरचं लग्न आणि त्याचं बुकिंग कुठून काढलंत?" तर ते आम्ही काढलं नाही, ते आमच्या घरातच निघालं.

आमच्या नातीचं लग्न ठरलं. ती पुण्याला नोकरी करते. मुलगाही तिच्याच क्षेत्रातला, त्याचं घर नागपूरला. एका रविवारी तिचा फोन आला. "आजोबा, लग्न अंदमानला करायचं म्हणतोय. हॅवलॉक बेटावर." आमच्या पिढीला अंदमान म्हटलं की सेल्युलर जेल आठवतं, काळं पाणी आठवतं. जिथे माणसाला शिक्षा म्हणून पाठवायचे, तिथे ही वऱ्हाड घेऊन निघाली! आम्ही दोघं, म्हणजे आम्ही आणि आमच्या सौ., एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

पहिला आक्षेप आम्ही खर्चाचा घेतला. तो सोपा असतो. नात शांतपणे म्हणाली, "खर्च आम्ही दोघं निम्मा-निम्मा करणार आहोत. आणि आजोबा, गावात लग्न झालं तर माझ्या पप्पांना किती जणांपुढे वाकावं लागेल, ते मोजा ना एकदा." आम्ही मोजलं नाही, कारण आकडा ठाऊक होता.

मग एक गोष्ट लक्षात आली. आपल्याला नेमकं काय खटकतंय, हे आपल्यालाच सांगता येत नाहीये. चाळीस वर्षं मुलांना 'आधी प्रश्न नीट मांडा' असं शिकवलेल्या माणसाला हे शोभत नाही. म्हणून हा प्रश्न मांडून पाहू. लग्नाची जागा बदलली तर लग्नात काय बदलतं? आणि बुकिंग करताना आपण खरोखर काय ठरवत असतो?

लग्न घडतं ते केव्हा?

ऑक्सफर्डचा एक तत्त्वज्ञ होता, जे. एल. ऑस्टिन. १९५५ साली त्याने हार्वर्डला व्याख्यानं दिली. त्याच्या मृत्यूनंतर, १९६२ साली, त्यांचं पुस्तक निघालं, 'हाऊ टू डू थिंग्ज विथ वर्ड्स'. त्याचं म्हणणं असं की काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती काम करतात. 'पाऊस पडतोय' ही माहिती. पण 'मी वचन देतो' हे बोलणं म्हणजेच वचन देणं. लग्नातला होकार हे त्याचं आवडतं उदाहरण होतं.

पण नुसता शब्द उच्चारून काम होत नाही, हेही ऑस्टिनने सांगितलं. माणसं योग्य हवीत, पद्धत सर्वांना मान्य असलेली हवी, ती पूर्ण पार पडायला हवी. यातलं काही चुकलं तर बार फुसका निघतो. नाटकात नट-नटीचं लग्न लागतं, मंगलाष्टकं होतात, अक्षता पडतात, पण पडदा पडला की दोघं आपापल्या घरी जातात.

आपला कायदा जवळपास हेच सांगतो. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम ७. वर किंवा वधू, दोघांपैकी कोणा एकाकडच्या रूढीप्रमाणे विधी व्हायला हवेत. त्या रूढीत सप्तपदी असेल, तर सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. म्हणजे सहा पावलांपर्यंत कायद्याच्या लेखी लग्न अजून व्हायचंच असतं. कलम ८ नोंदणीचं. नोंदणी हा पुरावा आहे, लग्न नव्हे.

हा भेद पुस्तकी नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात तो फार स्पष्ट केला. एका जोडप्याने विधी न करताच एका संस्थेकडून प्रमाणपत्र घेतलं, त्यावर सरकारी नोंदणीही केली. समारंभ पुढे करू, असा बेत होता. समारंभाआधीच दोघांचं बिनसलं. न्यायालयाने सांगितलं की विधी झालेच नाहीत, तर हिंदू विवाह कायद्याखाली हे लग्न नव्हे, आणि प्रमाणपत्राने ते लग्न होत नाही. लग्न म्हणजे नाचगाणी आणि खाणंपिणं यांचा प्रसंग नव्हे, असंही त्याच निकालात न्यायमूर्तींनी बजावलं.

आता बेटाकडे या. बेटावर लग्न करणारे पुष्कळ जण हेच दोन तुकडे वेगळे करतात. नोंदणी इकडे आधी उरकायची, व्हिसा-पासपोर्टचं काम मोकळं करायचं, आणि विधी तिकडे समुद्रकाठी. मधल्या महिन्यांत आपण नवरा-बायको आहोत की नाही, हे मात्र कुणी विचारत नाही. ज्यांना आधी कायदेशीर लग्न हवंच आहे, त्यांनी विशेष विवाह कायदा, १९५४, यानुसार करावं. तिथे विधी लागत नाही, विवाह अधिकाऱ्यासमोर आणि तीन साक्षीदारांसमोर लग्न होतं. पण त्याला तीस दिवसांची नोटीस आहे. ते दिवस आधी धरून ठेवावे लागतात.

समुद्रापलीकडे लग्न नेलं तर?

समुद्र ओलांडल्यावर लग्न टिकतं का, हा प्रश्न आपल्या लोकांना आज पडलेला नाही. १९१३ च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केप प्रांताच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी एक निकाल दिला. त्याचा अर्थ असा निघाला की ख्रिस्ती पद्धतीने न झालेली, नोंद नसलेली लग्नं तिथे कायदेशीर नाहीत. एका रात्रीत हजारो हिंदी बायका कायद्याच्या नजरेत बायका उरल्या नाहीत. त्या अपमानाने स्त्रिया सत्याग्रहात उतरल्या, कस्तुरबा तुरुंगात गेल्या. १९१४ साली कायदा झाला, तेव्हा त्या लग्नांना मान्यता मिळाली.

त्या बायकांच्या लग्नात काय कमी होतं? विधी होते, माणसं होती. कमी होतं ते एवढंच की त्यांचे साक्षीदार त्या देशाच्या लेखी साक्षीदार नव्हते. हे ध्यानात ठेवा, आपण इथे परत येणार आहोत.

आज बाली, फुकेत, मॉरिशस ही नावं घरोघरी आली आहेत. हिंदू विवाह कायदा भारतात अधिवास असलेल्या हिंदूंना देशाबाहेरही लागू आहे, त्यामुळे बालीत सप्तपदी केली तर ती वाया जात नाही. पण त्या देशाच्या दप्तरी लग्न नोंदवायचं तर तिथले नियम. इंडोनेशियात १९७४ चा विवाह कायदा आहे. तिथे लग्न धर्माच्या रीतीने व्हावं लागतं आणि मग नोंद. आपल्या वकिलातीत करायचं म्हटलं तर विदेशी विवाह कायदा, १९६९. त्यात दोघांपैकी एकाने त्या हद्दीत किमान तीस दिवस राहिलेलं असावं लागतं. तीन रात्रींच्या पॅकेजमध्ये हे बसत नाही. म्हणून परदेशी बेटावरची बहुतेक लग्नं कागदाच्या दृष्टीने इकडेच होतात, तिकडे होतो तो सोहळा.

नातीने अंदमान निवडलं त्यात शहाणपण होतं. बेट आहे, पण आपलाच कायदा आहे, पासपोर्ट नको. हॅवलॉकचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासून श्री विजयपुरम. पत्रिकेत दोन्ही नावं घाला, नाहीतर आमच्या वयाचा माणूस भलत्याच बोटीत बसेल.

बुकिंगचा क्रम

इथे थोडं व्यवहाराचं. आम्ही तिघांनी, नात आणि आम्ही दोघांनी, महिनाभर फोनवर हेच केलं.

बहुतेक जण आधी रिसॉर्ट पाहतात. फोटो आवडला की इसार देतात, मग तारीख, मग माणसं, आणि कायदा सगळ्यात शेवटी. आमच्या मते क्रम उलटा हवा. आधी माणसं, मग कायदा, मग ऋतू आणि मुहूर्त, आणि जागा शेवटी.

ऋतूचं पाहा. आपल्याकडे लग्नाची धूम आखाजीच्या सुमाराला. लेकी माहेरी आलेल्या असतात, शाळेला सुट्टी असते. अंदमानात मे महिन्यात पावसाळा सुरू होतो. तिथे दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस पडतो, वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर, आपल्या चौपटीच्या आसपास. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं उठतात. समुद्र खवळला की पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकची बोट बंद. मग नवरदेव एका बेटावर आणि नवरी दुसऱ्या! जानेवारी ते एप्रिल हा त्यातल्या त्यात भरवशाचा काळ. म्हणजे आखाजी सोडावी लागते. माहेरवाशिणींना त्या काळात सुट्टी मिळेल का, हे आधी विचारायला हवं.

मुहूर्ताचं तर आणखी गमतीचं. नातीला गोरज मुहूर्त हवा होता, समुद्रावर सूर्य मावळताना. गुरुजींनी आपल्याकडच्या पंचांगावरून वेळ काढून दिली. आता सावदा आहे ७६ रेखांशाच्या जवळ आणि अंदमान ९३ च्या जवळ. घड्याळ मात्र एकच. हिवाळ्यात तिथे सूर्य आपल्यापेक्षा पाऊण तासाहून अधिक आधी मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमारासच. गुरुजींच्या वेळेला तिथे काळोख झाला असता. मुहूर्त हा जागेचा असतो. जागा बदलली की तो पुन्हा काढावा लागतो.

मग करार. आपल्या गावात मंडपवाल्याला सुपारी देतो, आचाऱ्याला सांगतो, कागद कुठे असतो? अवकाळी आला तर तो म्हणतो, "काका, परवा उभा करतो." कारण त्याला आपल्या पुढच्या मुलीच्या लग्नालाही मंडप घालायचा असतो. ओळख हीच तिथे हमी. बेटावर ओळख संपते, म्हणून कागद सुरू होतो. तो वाचायलाच हवा.

आमच्या नात्यात एकाने २०२० च्या मे महिन्यासाठी एका एजन्सीमार्फत अशीच बेटावरची जागा धरली होती. टाळेबंदी लागली. पैसे परत मिळाले नाहीत, वर्षभरात वापरायची पावती मिळाली. वर्षभर बेटं उघडली पण माणसं घराबाहेर पडेनात. पावती गेली. कागदावर एक कलम होतं आणि ते कुणी वाचलेलं नव्हतं. भारतीय करार कायद्यात, १८७२ च्या, कलम ५६ आणि ७४ आहेत. करार पाळणं अशक्य झालं तर काय, आणि ठरलेल्या दंडापैकी वाजवी किती, याची तत्त्वं त्यांत आहेत. पण त्यासाठी कोर्टात जावं लागतं, आणि लग्नाच्या मांडवातून कोर्टात जायला कुणाला आवडेल?

म्हणून तीन प्रश्न लिहून विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. बोट किंवा विमान रद्द झालं तर त्या रात्रीचे पैसे कुणाचे? पाहुणे कमी झाले तर ताटं किती दिवस आधी कमी करता येतात? आणि पुढची तारीख हवी तर त्याच दरात मिळेल का?

यावर आमचा मुलगा, म्हणजे नवरीचा बाप, हसला. तो केळी पिकवतो. म्हणाला, "बाबा, खोड लावल्यापासून घड कापेपर्यंत अकरा-बारा महिने जातात. मध्ये जूनचं वादळ एका रात्रीत बाग झोपवतं. मला कुणी विचारत नाही, वादळ आलं तर पैसे कुणाचे." मग रिसॉर्टच्या दरपत्रकात त्याला एक ओळ दिसली. मांडवाच्या दारी केळीचे खांब, सजावट म्हणून, वेगळे पैसे. सावद्याच्या केळीवाल्याने केळीचे खांब विकत घ्यायचे! तो दिवसभर बोललाच नाही.

साक्षी म्हणजे कोण?

आता मूळ गोष्टीकडे. रिसॉर्टमध्ये खोल्या होत्या तीस. म्हणजे साठ-पासष्ट माणसं. गावातल्या लग्नाला पंधराशे आली असती. बुकिंगचा फॉर्म भरताना आपण जागा निवडतोय असं वाटतं, पण खरं तर आपण साक्षीदार निवडत असतो, आणि चौदाशे पस्तीस माणसांना साक्षीतून वगळत असतो.

साक्षी हा शब्द पाणिनीने 'साक्षात पाहणारा' या अर्थाने साधला आहे. वेदान्तातला साक्षी नुसता पाहतो, त्याला कशाचा लेप लागत नाही. लग्नातला साक्षी याच्या अगदी उलटा. त्याने पाहिलं म्हणून तो अडकतो. उद्या कुणी म्हणालं 'असं ठरलंच नव्हतं', तर 'ठरलं होतं, मी होतो तिथे' असं म्हणण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि लग्नातून पुरोहिताची मध्यस्थी काढली. पण माणसं काढली नाहीत. उलट वधू-वरांनी सर्वांसमोर एकमेकांशी बोलावं, अशी मंगलाष्टकं रचली.

हे सगळं आम्ही नातीला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजोबा, आत्याच्या लग्नाला किती साक्षीदार होते?"

मंडळी, पुढचं आम्ही आमच्या मुलीची परवानगी घेऊन सांगतोय. तिचं लग्न याच परिसरात झालं. पंधराशेच्या वर पान उठलं. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, लोक अजून नाव काढतात. लग्नानंतर तिला सासरी त्रास होता. ती दोनदा परत आली. दोन्ही वेळा चार मोठी माणसं बसली आणि 'सांभाळून घे' म्हणून तिला पोहोचवून आली. त्या चार माणसांत एक आम्ही होतो. तिसऱ्यांदा ती आली ती कुणाला न विचारता. आज स्वतःच्या पगारावर ताठ उभी आहे. पंधराशे साक्षीदारांपैकी एकानेही 'आमच्यासमोर तुम्ही काय कबूल केलं होतं?' असं त्या घराला विचारलं नाही. आम्हीही नाही. पंधराशे प्रेक्षक होते. साक्षीदार एकही नव्हता.

१९१३ च्या त्या बायकांचे साक्षीदार परक्या कायद्याने नाकारले. आमच्या मुलीचे साक्षीदार स्वतःच गप्प बसले. नुकसान दोघींचं सारखंच.

तेव्हा नातीला बेटावर का जायचं होतं, हे आम्हाला उशिरा कळलं. आपल्याकडे सीमांतपूजन असतं. नवरदेवाला गावाच्या शिवेवर सामोरं जायचं, पाय धुवायचे, जानोशाला न्यायचं. मान एका बाजूचा, वाकणं दुसऱ्या बाजूचं. बेटावर दोन्हीकडची माणसं एकाच बोटीने उतरतात. दोन्ही पक्ष पाहुणे. वाकायचं कुणी कुणापुढे? हा तिचा विचार होता, आणि आमच्याकडे त्याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

पण एक प्रश्न आम्ही तिला विचारला. "उद्या कधी बिनसलं, तर रात्री अकरा वाजता तू कुणाचं दार वाजवशील? त्यांची नावं आधी लिही. मग ऑफिसातले, मग मित्र."

दोन दिवसांनी यादी आली. पहिलं नाव आत्याचं. दुसरं आमच्या सालदाराच्या बायकोचं. नातीला लहानपणी तेल लावून आंघोळ घालणारी, शाळेतून यायला उशीर झाला तर रस्त्यावर येऊन उभी राहणारी ती. खरं सांगायचं तर आमच्या यादीत तिचं नाव पंगतीत होतं, खोलीत नव्हतं. आमचं नाव सहावं आहे. आम्ही का म्हणून विचारलं नाही.

आता ठरलंय ते असं. हळद इथेच, सावद्याला, घरच्या केळीच्या खांबांच्या मांडवात. कारण आमच्या थोरल्या बहिणीला, आक्काला, विमान झेपणार नाही आणि तिच्या हातची हळद नातीला हवी आहे. सप्तपदी बेटावर, फेब्रुवारीत, मावळतीची वेळ पुन्हा काढून. नोंदणीसाठी विधीचे फोटो, पत्रिका आणि साक्षीदारांच्या सह्या. सही करणाऱ्यांत आत्या आहे. त्या तीन प्रश्नांपैकी दोघांची उत्तरं लेखी आली आहेत. बोटीच्या प्रश्नाचं अजून यायचं आहे, ते आल्याशिवाय दुसरा हप्ता द्यायचा नाही.

सालदाराच्या बायकोला नातीने स्वतः फोन केला. आधार कार्डावरचं नाव नीट आहे का, विमानात लागतं म्हणून विचारलं. ती जन्मात भुसावळच्या पुढे गेलेली नाही. तिने एवढंच विचारलं, "तठी केळी व्हते का वं, बाई?"

होते, केळी तिथेही होते.

आता तुमचे प्रश्न असतील तर घेऊ.